खारं तीर्थ

साखऱ्याहून हिंगोलीला बैलगाडीनं जायला तेव्हा पहाटे निघावं लागे आणि पोचेपर्यंत दिवेलागण होई. १९३५ च्या दिवाळीनंतर मी निघालो, तेव्हा निरोप द्यायला वेशीपर्यंत सगळं गाव आलं होतं. उकंडराव पाटलांनी स्वतःची गाडी दिली. गंगूताईंनी, म्हणजे माझ्या आत्यानं, दुधातल्या दशम्या बांधून दिल्या. माझी बायको सुनीती दाराआड उभी होती. मी आफ्रिकेला निघालो होतो आणि मला त्याचा ताठा होता, तो लपवायचं मला सुचलंही नाही.

हिंगोलीच्या जिनात मी कारकून होतो. तिथं कापूस घ्यायला येणाऱ्या एका कच्छी शेठजींची पेढी मोंबासाला होती आणि त्यांना इंग्रजी-उर्दू दोन्ही लिहिणारा माणूस हवा होता. अडचण एकच होती. माझे वडील विष्णुपंत, आम्ही त्यांना आप्पा म्हणायचो, गावच्या महादेवाची पूजा करत. पुजाऱ्याच्या पोरानं समुद्र ओलांडायचा म्हणजे भाऊबंदांना आयतंच कोलीत मिळालं. सेनगावच्या चुलत्यांनी तर पंगतीतून उठवण्याची भाषा केली. आप्पा जन्मात कुणाशी वाद घालणारे नव्हते, पण तेव्हा घातला. पोटासाठी गेलेल्याला देव हाकलत नाही, पोरगा परत आला की प्रायश्चित्त घेईल आणि माझ्याच हातानं मी त्याला गाभाऱ्यात नेईन, असं त्यांनी भर पंगतीत सांगितलं.

मुंबईत आधी कागद अडले. निजामाच्या रयतेला परदेशी जायचा परवाना हैदराबादेहून यावा लागे. तो आला तेव्हा त्यात वडिलांचं नाव चुकलेलं. दुरुस्त होऊन येईतो पहिली बोट गेली. मग देवी टोचल्याचा दाखला जुना ठरला. मग डॉक्टरनं काडीवर पापणी उलटी करून पाहिली आणि खुपऱ्या आहेत म्हणून शिक्का नाकारला. रोज सकाळी दवाखान्यात मोरचुदाची कांडी पापणीच्या आतून फिरवत, आणि दिवसभर डोळ्यांत तिखट गेल्यासारखं व्हायचं. दुसरीही बोट गेली. पेढीची पत्रं तुटक होत गेली आणि शेवटी जागा भरल्याचं पत्र आलं.

एकूण काय, मी गेलो नाही.

घरी तोंड कसं दाखवणार? गेला तसा आला, असं म्हणायला गाव टपलेलंच असतं, आणि आप्पांनी तर माझ्यापायी भावकी तोडली होती. मी माझगावात एका लाकडाच्या वखारीत चिठ्ठ्या लिहायला लागलो. मोंबासाच्या बोटीवरचा एक खलाशी ओळखीचा झाला होता. मी घरची पत्रं त्याच्याजवळ देई, तो ती तिकडून टाके, आणि आप्पांची उत्तरं तिकडच्या पत्त्यावरून आणून देई. खोटेपणावर तिकिटं मात्र खरी होती. पत्रात लिहायला मला काहीच माहीत नव्हतं. मी सुखरूप आहे, हवा मानवते, काळजी नसावी, एवढंच लिहायचो. आप्पा ती पत्रं देवळाच्या ओट्यावर पोथी वाचावी तशी वाचून दाखवत, हे मला मागाहून कळलं. ते ऐकून मला जे वाटलं त्याला लाज हा शब्द अपुरा आहे.

अडीच वर्षांनी मी घरी आलो. नोकरीची मुदत संपली असं सांगितलं. आप्पांचं वय झालं होतं, पण चेहरा फुलला होता. आठवड्याच्या आत त्यांनी हिंगोलीहून शास्त्रीबुवांना बोलावलं आणि माझं प्रायश्चित्त झालं. डोकं भादरलं, पंचगव्य दिलं. राखेनं, शेणानं, मातीनं, अशी दहा स्नानं घातली. संकल्प सांगताना पापाचा उच्चार करावा लागतो. शास्त्रीबुवांनी समुद्रावर किती दिवस होतात म्हणून विचारलं.

"अकरा," मी म्हणालो. आकडा खलाशाकडून ऐकलेला होता.

शेवटी आप्पांनी आमच्याच विहिरीच्या पाण्याची कळशी माझ्या डोक्यावर ओतली. पाणी ओघळून ओठांवर आलं ते खारट लागलं. घाम असेल म्हणून मी सोडून दिलं.

पुढच्या सोमवारी आप्पांनी मला गाभाऱ्यात नेलं. मी पिंडीवर अभिषेक केला आणि बाहेर येऊन तीर्थ वाटलं. उकंडरावांनी ओंजळ तोंडाशी नेली, क्षणभर थांबले, मग मिशा पुसून गप्प राहिले. मागचे दोघं-तिघंही तसेच गप्प. तीर्थाला नाव कोण ठेवणार? शेवटी शकुबाई नावाची एक शेतकरीण तापातल्या लेकराला घेऊन आली होती, तिनं ते लेकराच्या तोंडात घातलं आणि त्यानं थुंकून टाकलं.

"महाराज," ती आप्पांना म्हणाली, "तीर्थ खारं लागून राहिलंय. मह्या लेकरानं काहून थुकलं असतं?"

आप्पांनी चाखलं आणि तांब्या माझ्या हातून काढून घेतला.

मी हिशेबी माणूस आहे. दुसऱ्या दिवशी मी तांब्या चिंचेनं घासून काढला, एकाच पोहऱ्यातलं पाणी तीन भांड्यांत घेतलं. आप्पांनी ओतलं ते गोड. देवळाची झाडलोट करणाऱ्या गुरवानं ओतलं तेही गोड. माझ्या हातून ओतलेलं खारट, आणि साधं मचूळ नाही, घसा ओढून घेणारं. तीनदा करून पाहिलं, तीनदा तसंच. सुनीतीनं वाळत घातलेल्या माझ्या धोतराच्या काठाला पांढरी पुटं धरायची. ती ती नखानं खरवडून काढायची आणि माझ्याकडे न बघता आत जायची.

आप्पांनी त्यातून एकच अर्थ काढला. विधीत काहीतरी उणं राहिलं आणि ते त्यांच्याकडून राहिलं, कारण यजमान ते होते. पोराच्या वतीनं बाप प्रायश्चित्त घेऊ शकतो, असं त्यांनी शास्त्रीबुवांना विचारून घेतलं होतं.

"तू अकरा दिवस होतास ना पाण्यावर?" ते मला म्हणाले. "मग मी अकरा दिवस पाण्यावर काढतो. नुसत्या पाण्यावर."

त्यांना सदुसष्टावं चाललं होतं, चैत्राचं ऊन होतं. माझ्या एका वाक्यानं ते थांबले असते. मी दोन दिवस म्हणालो असतो तर दोनच दिवस उपास घडला असता, हेही माझ्या मनात आलं. इतकं घाणेरडं गणित मी करत होतो, पण तोंड उघडत नव्हतो.

ते देवळाच्या मंडपात चटई टाकून निजले. पहिले दोन दिवस जप चालला होता. तिसऱ्या दिवशी सकाळी मी गेलो तर ते उताणे होते आणि दोन्ही हातांनी चटईच्या कडा घट्ट धरल्या होत्या. चौथ्या दिवशी त्यांना उलट्या झाल्या. पोटात अन्नाचा कण नसताना नुसतं पाणी पडत होतं. गंगूताई म्हणाल्या, उपासानं पित्त खवळलंय, भोवळ येते. मलाही ते पटलं.

पाचव्या दिवशी आप्पांनी मला जवळ बोलावलं आणि फरशीला कान लावायला सांगितला. खालून घरघर येते, ती रात्रंदिवस थांबत नाही, तुला तिकडे झोप कशी लागायची, असं ते विचारत होते. मी कान लावला. फरशी थंड होती आणि गप्प होती. मी आपला म्हणालो, सवय होते.

आप्पांनी परभणीपलीकडे काही पाहिलं नव्हतं. माझ्या पत्रांत बोटीविषयी एक ओळ नव्हती, कारण मलाच ठाऊक नव्हतं. आता ते बोलत होते ते बारीकसारीक होतं. खालच्या मजल्यावर कोळशाचा आणि कांद्याचा वास कसा कोंडतो, लोखंडी जिन्याला हात लावला की तळवा कसा चिकट होतो, तिसऱ्या दिवसानंतर पक्षी कसे दिसेनासे होतात.

सातव्या दिवशी दुपारी सुनीती मंडपातून घाईघाईनं आली आणि मला दंडाला धरून घेऊन गेली. आप्पांच्या उशाशी पाण्याचा तांब्या होता. खालची शिळा सपाट होती, मी हात फिरवून पाहिला. तांब्या सरळ उभा होता. आतलं पाणी मात्र एका बाजूनं काठापर्यंत चढलं होतं. बघता बघता ते हळूच खाली आलं आणि दुसऱ्या काठाला चढलं. मग परत. बाहेर वारा नव्हता. आप्पा त्याच्याबरोबर किंचित डोलत होते आणि डोळे मिटलेले होते.

सुनीती मला बाहेर घेऊन आली. लग्नाला सात वर्षं झाली होती, पण ती माझ्याशी अशी कधी बोलली नव्हती.

"तुमी गेला नव्हता ना?" ती म्हणाली. "अडीच वर्षांत काय खाल्लं, कुणाच्या हातचं खाल्लं, एका पत्रात न्हाई. मी कुणाला बोलले न्हाई. पण आता आप्पा जाऊन राहिलेत. सांगून टाका."

मी हो म्हणालो. आठवा दिवस गेला. नववा गेला. प्रत्येक सकाळी मी मंडपाच्या पायरीपर्यंत जायचो. तिथं गावातली माणसं बसलेली असत, आप्पांना लांबून नमस्कार करत, आणि माझ्यासाठी सरकून जागा करत. परदेशी जाऊन आलेला माणूस म्हणून.

दहाव्या दिवशी दुपारी मंडपात कोणी नव्हतं.

आप्पांचे ओठ चिरले होते आणि चिरांमध्ये पांढरं साचलं होतं. मी ओल्या फडक्यानं ते पुसलं. मग त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं आणि तसाच बोललो, कारण तोंडाकडे बघून बोलणं मला जमलं नसतं.

"आप्पा, मी गेलोच नाही. मुंबईतच होतो. डॉक्टरनं डोळे नापास केले. माझा इलाज नव्हता."



"डोळे बरे झाले होते तुझे," ते म्हणाले. "तिसऱ्या बोटीला शिक्का मिळाला होता."

मी डोकं उचललं. हे मी कुणाला सांगितलेलं नव्हतं. सुनीतीला नाही. तुम्हालाही आत्तापर्यंत सांगितलं नाही.

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला पाहिजे? मी वर कठड्यापाशीच होतो. तू खाली धक्क्यावर उभा होतास. हातात तिकीट होतं. मी तुला हात करून राहिलो होतो, पार शिडी काढेपर्यंत. तू आला न्हाईस."

आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

मी रडलो. उपास सोडा म्हणून हातापाया पडलो. सुनीतीनं साखरेचं पाणी आणलं, त्यांनी तोंड फिरवलं.

"आता मधेच कुठं उतरू?" ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ऊन वर आल्यावर त्यांनी चटईच्या कडा सोडल्या. गंगूताईंनी नाकाशी सूत धरून पाहिलं. तांब्यातलं पाणी निश्चल होतं.

त्यानंतर माझ्या हातचं तीर्थ गोड झालं. गाव अजून आप्पांच्या पुण्याईचं नाव घेतं, आणि मी मान खाली घालून ऐकतो. पूजा माझ्याकडेच आहे.

तिसऱ्या बोटीचं खरं असं आहे की मला कुणी अडवलं नाही. कागद होते, शिक्का होता, जागाही तोवर भरलेली नव्हती. माझे पाय उचलले नाहीत, इतकंच. भीती वाटली. कशाची, ते आजही सांगता येत नाही.

आणि एक गोष्ट मी आप्पांनाही सांगितली नाही. त्या दिवशी मी एकदा वर पाहिलं होतं. कठड्यापाशी एक म्हातारा उपरणं हलवत होता, डाव्या हातानं. आप्पांचा उजवा हात खांद्याच्या वर जात नसे. माझ्या आसपास निरोप द्यायला आलेलं दुसरं कोणी नव्हतं. तो कोणासारखा दिसतो हे मला तेव्हाच कळलं होतं. मी कापसाच्या गाठींच्या आड जाऊन उभा राहिलो, आणि बोट निघून जाईपर्यंत तिथून हललो नाही.