भरून आलेला डबा

शाळेतली इतिहास शिकवायची नोकरी सोडून प्रियदर्शनीने सहली काढायचं ठरवलं, तेव्हा बेळगावच्या अनगोळातल्या भाऊबंदांनी तोंडं वाकडी केली. ती मात्र नुसती हरखून गेली होती. सकाळी बेळगावातून निघायचं, कदंबांच्या जुन्या राजधानीची, हलशीची देवळं बघायची आणि मग कोणीच दाखवत नाही अशी जागा. जंगलाच्या कडेला इंग्रजांच्या काळातला एक बंगला. छप्पर गेलेलं, पण दगडी पडवी शाबूत आणि एका खिडकीत रंगीत काचेचे दोन तुकडे अजून तग धरून. सहली चालल्या तर या बंगल्यावरच चालणार होत्या, आणि तिचं नि आईचं घर त्या सहलींवर.

आधी ती गाडीवाल्या रवळूअण्णांबरोबर नुसती पाहणी करायला गेली. दुपारी दोघं पडवीत जेवायला बसली.

"जागेला घास ठेव," अण्णा म्हणाले. "पानावर ठेव."

पान शोधायला कोण उठणार? तिने आईचं नाव कोरलेला छोटा स्टीलचा डबा झुणका-भाकरीसकट तसाच पायरीवर ठेवला आणि फोटो काढायच्या नादात तिथेच विसरली.

आठवड्याने पुन्हा गेली, तर डबा त्याच पायरीवर. घासूनपुसून लख्ख. आत मूठभर साखर. रानातल्या पायरीवर उघडी साखर, आणि एक मुंगी नाही.

"कुणीतरी गुराख्यानं ठेवली असंल," ती म्हणाली. अण्णा त्या साखरेला शिवलेसुद्धा नाहीत. तिला मात्र आनंद झाला. पाहुण्यांना सांगायला आयती गोष्ट मिळाली होती.

घरी मालुबाईंनी, तिच्या आईने, डबा हातात घेऊन बराच वेळ बघितला.

"पानावर दिलं की दिलं, सुटलं. डबा दिला म्हंजे शेजार झाला गं. रिकामा डबा कोण परत करतंय? आता येणं-जाणं सुरू हुणार."

"मग हूं दे की. लई चांगलं."

पहिल्या सहलीला अकरा पाहुणे आले. बंगल्यावर पोचताच प्रियदर्शनीने सगळ्यांसमोर तोच डबा पायरीवर ठेवला, या खेपेला बेळगावचा खव्याचा कुंदा भरून. पाहुणे हसले, फोटो निघाले. मग ती दारात उभी राहून हात पसरून बोलायला लागली.

"ही बसायची खोली. इथं एक साहेब आणि त्याची म्हातारी आई राहायची. आता कोणी नाही. या, आत या, लाजू नका."

पाहुणे बुटांसकट आत गेले. एकाने भिंतीवर टकटक करून पाहिलं. एक जण चुलाण्यावर चढून बसला. प्रियदर्शनीला तर आभाळ ठेंगणं झालं होतं. परतायच्या आतच पुढच्या दोन सहली भरल्या.

निघताना डबा पायरीवर नव्हता. पाहुण्यांपैकी कोणी उचलला नव्हता.

ती अनगोळात पोचली तेव्हा ऊन अजून अंगणात होतं. आईही अंगणातच होती, उभी. घराचं दार सताड उघडं.

"तुझी सहल आलती," आई म्हणाली.

"कसली सहल?"

"अकरा जण. पायताणं घालून आत आली. म्होरं एक बाई, बोलणारी. एकानं भिंत वाजवून बघितली. एक माझ्या कट्ट्यावर चढून बसला."

"हटकलं न्हाईस?"

"हटकलं की. कुणाला ऐकूच जाईना. मी म्होरं उभी, तरी माझ्या अंगातनं पलीकडं बघत हुती."

प्रियदर्शनी आत गेली. स्वयंपाकघराच्या कट्ट्यावर डबा होता. लख्ख.

आत साखर.

ती उंबऱ्यापर्यंत परत आली, पण बाहेर पाऊल टाकवेना.

"आई, काय बोलत हुती ती बाई?"

मालुबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या.

"ही बसायची खोली, म्हणाली. हितं मायलेकी राहायच्या. आता कोण न्हाय."