चांदवड सोडलंय

या, असे जवळ सरकून बसा. मोबाइल जरा उपडे ठेवा. एक हकिकत सांगायची आहे, आणि ती चार तोंडांतून फिरून आलेली नाही. ज्याच्यावर गुदरली तो शेखर आजही नाशकातच राहतो, आडगावच्या बाजूला. त्याच्या तोंडून ऐकली, तशीच सांगतो.

गेल्या चैत्रातला रविवार. वेळ दिवेलागणीची.

शेखरला जुन्या गाड्यांचं वेड. सुट्टी आली की हा शेडमध्ये. गंजलेला पत्रा घास, लांबी भर, रंग मार. बायको म्हणायची, "माझ्या तोंडाकडं इतकं निरखून कधी पाहिलं नाहीत!"

त्याच्या नाथामामांनी आपली जुनी अँबेसिडर त्याला देऊन टाकली होती. मामा देवळ्याजवळ मळ्यात राहायचे. पोटी मूल नाही, शेखरला त्यांनीच वाढवलेलं. गावच्या भजनी मंडळाचे वीणेकरी. पुढे बुवा कीर्तनात रंगायचे, टाळ्या घ्यायचे. मागे मामा आपले वीणा छातीशी धरून उभे. त्यांच्याकडे कुणी पाहायचंही नाही. त्यांना त्याचं काही नव्हतं.

गाडी देताना एवढंच म्हणाले, "रंग कुठलाबी दे बाबा. मागची सीट तेवढी मोडू नको. वीणा घेऊन बसायला माझ्या खुब्याला तीच सोसती."

त्या गावचा नेमच तसा. सप्ताह बसायच्या दिवशी मामांनी घरची वीणा खुंटीवरून काढायची. एकदा काढली की काल्यापर्यंत ती ना खुंटीला, ना जमिनीला. एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात.

शेखरने सीट काढली. तिथे स्पीकरचा भलामोठा खोका बसवला. मामा काय, पुढे बसतील की.

त्या रविवारी सप्ताह बसणार होता. मंडप पलीकडच्या वस्तीवर. मामांना मळ्यातून तिथे न्यायचं शेखरने कबूल केलेलं.

आणि त्याच दिवशी नाशकात जुन्या गाड्यांचं प्रदर्शन लागलं.

दुपारी मामीचा फोन आला. मालनबाई मामी.

"आरं शेखर, कुठवर आलास? वस्तीवरली जीप दारात उभी हाय. मामांना हिच्यातच बसवू का?"

मागून मामांचा आवाज आला. "नको म्हणावं. माझा शेखर येतोय."

परीक्षक अजून दोन गाड्या लांब होते. शेखर म्हणाला, "मामी, चांदवड सोडलंय. आलोच!"

शेजारी त्याचा मित्र दीपक उभा होता. "लेका, गाडी इथं नाशकात गंगापूर रोडला उभी आणि चांदवड कुठनं सोडलंस?"

दोघे खो खो हसले.

तिकडे मामी नैवेद्य घेऊन जीपमध्ये बसून पुढे गेल्या.

आणि शेखर आता आलाच असं धरून मामांनी वीणा खुंटीवरून काढली.

शेखरला कप मिळाला. फोटो झाले. मधल्या वेळात मामीचे फोन येऊन गेले होते. आता कोण बोलणी खाणार, म्हणून त्याने उचलले नाहीत. ऊन उतरल्यावर निघाला. म्हटलं, जाऊन तोंड दाखवावं.

स्पीकरवर गाणं दणदणत होतं.

चांदवड सोडलं...

आणि गाणं बंद पडलं.

त्याने बटणं दाबून पाहिली. काही नाही. इंजिनाचा आवाजसुद्धा कुठून तरी लांबून येतोय असा.

भावडबारीचा घाट लागला. अंधारून येत होतं.

मग गाडी मागून... खाली बसली.

कुणी जड माणूस सावकाश, खुबा सांभाळत बसावा, तशी. डाव्या अंगाला.

त्याने आरशात पाहिलं. खोका होता. दुसरं काही नाही.

आणि त्या बंद खोक्यातून... तार छेडल्याचा आवाज आला.

एकदाच.

पाठोपाठ बुक्क्याचा वास.

आणि अगदी कानामागे, दमलेला आवाज. "शेखर... धर रे. हात भरून आले."

गाडी कशी हाकली, त्याला आठवत नाही.

मळ्यात माणसं जमली होती. मंडपात वीणा पोचली नाही, फोन कुणी उचलेना, म्हणून पाहायला आलेली.

मामांचा खुबा असा, की खाली बसले तर हात टेकल्याशिवाय उठता येत नसे. आणि हात तर वीणेत. म्हणून ते दारात उभे राहिले. चैत्राच्या उन्हात, वाटेकडे बघत. शेवटी चौकटीला पाठ घासत खाली आले असावेत.

पण वीणा दोन्ही हातांनी वर धरलेली. जमिनीला टेकली नव्हती.

हातातून सोडवायला दोन माणसं लागली.

मामी रडल्या नाहीत. शेखरकडे बघून एवढंच म्हणाल्या, "चांदवडापासनं इथवर यायला किती वेळ लागतो रे?"

आज ती वीणा मंडळाकडे आहे. शेखरने खोका फेकला. जुनी सीट शोधून पुन्हा बसवली. तिला डावीकडे खळगा पडतो. फोम बदलला, तरी पडतो.

दिवेलागण झाली की शेडमधून आवाज येतो. धर रे...

तेव्हा शेखर त्या सीटवर जाऊन बसतो, दोन्ही हात पुढे करून. आवाज थांबतो.

आणि हातांवर वजन येतं.

एकदा दीपक आलेला. शेखर म्हणाला, "दीपक, दोन मिनिटं धरतोस का?"

"काय धरू? हवा?" दीपक हसला. मग त्याने शेखरचे हात पाहिले. शिरा तटतटलेल्या. दंडावर तारेचे वळ.

दीपक पुन्हा त्या शेडकडे फिरकला नाही.

शेखर अजून धरूनच आहे. खाली ठेवता येत नाही. घेणारा कुणी नाही.

मला याचा उलगडा झालेला नाही, आणि विचारायला जायचा धीरही नाही. एकच मागणं आहे. आता कधी कीर्तनाला बसलात, तर बुवांच्या मागे पाहा. तिथे एक माणूस गप उभा असेल. त्याचे हात भरून आलेत का, एवढं विचारा.

आणि आमच्या नाथामामांची आठवण ठेवा.