इझेलच्या खिशातला बाजा

लेम टार्व्हर त्या मंगळवारी सकाळी अकराला स्टुडिओत शिरला, तेव्हा त्याच्या डोक्यात भीतीबिती काही नव्हती. एकच काळजी होती, आज तरी हीटर चालू असेल ना? जानेवारीतलं शिकागो काय असतं ते तिथे राहिलेल्यालाच ठाऊक. रस्त्यावर दोन मिनिटं उभं राहिलं की नाकातले केस कडक होतात. त्यात लेम एकोणसत्तरीचा, आणि त्याची फुप्फुसं तर... असो, तिकडे नंतर येऊ.

त्याची ही बारावी रेकॉर्ड. शेवटची, असं त्यानेच सगळ्यांना सांगून टाकलं होतं. नऊ गाणी गेल्या आठवड्यात झाली होती, दहावं तेवढं राहिलं होतं. चाळीस वर्षं माउथ ऑर्गन वाजवून, वर स्वतःचा बँडही चालवणारा असा माणूस सत्तेचाळिसाव्या रस्त्यावर दुसरा उरला नव्हता. हे एक गाणं झालं की तो सुखाने खुर्चीत बसणार होता. गाणं अर्धवट राहिलं तर मात्र त्याला ते मरेपर्यंत खुपत राहिलं असतं.

त्याने फलाटीनच्या फडक्यातून बाजा काढला. हो, बाजाच. ती मंडळी त्याला घरच्यासारखं नुसतं बाजा म्हणतात. जुना, लाकडी पोटाचा, पितळ काळं पडलेला. रेकॉर्डिंगआधी तो ग्लासभर पाण्यात बुडवून ठेवायचा, म्हणजे लाकूड फुगतं आणि फटीतून वारा गळत नाही.

"घातलीस आंघोळ नवरीला?" थर्मन पेटवे ड्रमचे स्क्रू आवळत म्हणाला. थर्मन बहात्तर वर्षांचा, लेमच्या दुसऱ्या रेकॉर्डपासून त्याच्या मागे बसून ड्रम बडवणारा. "ही तुझी बाई माझ्या तिन्ही बायकांपेक्षा जास्त टिकली बघ."

"तुझ्या बायका तुला सोडून गेल्या, कारण तू झोपेतही ताल चुकवतोस."

"चुकवीन नाहीतर काय करीन! पण एक सांगतो लेम, तू गेलास ना, की मी स्वतः हा बाजा तुझ्या सदऱ्याच्या खिशात ठेवणार. छातीवर, डाव्या बाजूला. वर दारात उभं राहून काहीतरी वाजवून दाखवावं लागेल, त्याशिवाय तुला कोण आत घेतंय?"

बँडमधले सगळे हसले. तिथली रीतच आहे ती. बाजावाला मेला की त्याचा बाजा त्याच्या खिशातून त्याच्याबरोबर जमिनीत जातो. जिवंतपणीही एकाचा बाजा दुसरा तोंडाला लावत नाही. लेम मात्र हसला नाही. त्याने ग्लासातून बाजा काढला आणि मांडीवर आपटून पाणी झटकलं.

लोकांना वाटतं हे वाद्य फुंकायचं. फुंकून वाजतात ती शाळेतल्या पोरांची गाणी. ब्लूज वाजतो तो श्वास आत ओढून. ओठ भोकांवर घट्ट दाबायचे आणि छातीत ओढत राहायचं, तेव्हा कुठे तो सूर वाकतो, रडतो. आयुष्यभर लेमने त्या लाकडातून वारा आपल्या आत ओढून घेतला होता.

काचेपलीकडे रेकॉर्डिंगच्या यंत्रापाशी मार्वेला गेन्स बसली होती. चाळिशीची बाई, कानाने इतकी तिखट की शेजारच्या गल्लीत फ्रीज सुरू झाला तरी हिला कळावं. तिने बोट वर केलं. लेमने एक, दोन म्हटलं. गाणं सुरू झालं.

दुसऱ्या कडव्यालाच तिने थांबवलं. हेडफोनमध्ये तिचा आवाज आला.

"लेमकाका, तुझ्याजवळ कोण उभं आहे?"

"माझ्याजवळ? कोणी नाही गं."

"मग श्वास कुणाचा येतोय? तुझ्या माइकमध्ये तू सोडून आणखी कुणीतरी आहे."

सगळ्यांनी थर्मनकडे बघितलं. थर्मन म्हणाला, "माझ्याकडे काय बघता? मी श्वास घ्यायला विसरून जमाना झाला." तरी मार्वेलाने बँडला बाहेर काढलं, दार लावलं, हीटरसुद्धा बंद केला. खोलीत आता एकटा लेम.

"वाजव," ती म्हणाली. "मध्ये नेहमीसारखा थांबत जा."

लेमने वाजवलं. एक ओळ. थांबला. आणि त्या थांबण्यात त्याच्या कानांत, अगदी कानाला लागून आलं... हं... कुणीतरी सावकाश श्वास आत ओढला. ओल्या मातीचा वास आला. बंद खोलीत, जानेवारीत, बाहेर जमीन दगडासारखी गोठलेली असताना! लेमची मान वळेना. तो पुढची ओळ वाजवत राहिला, कारण थांबलं की ते ऐकू येणार होतं. पण शेवटी दम संपला, थांबावंच लागलं.

हं...

मार्वेलाने त्याला काचेपलीकडे बोलावलं आणि थर्मनखेरीज सगळ्यांना जेवायला पिटाळलं. तिचा चेहरा उतरला होता.

"एक सांगायचं राहिलंय," ती म्हणाली. "गेल्या महिन्यात तुझ्या जुन्या रेकॉर्ड मी साफ करायला घेतल्या होत्या ना, तेव्हाच ऐकलं मी हे. वाटलं, टेप जुनी, काहीतरी खरखर असेल. पण काका, पहिल्या रेकॉर्डमध्ये तो श्वास लांबून येतो, दाराशी कुणी उभं असल्यासारखा. चौथीत ड्रमच्या मागून. आठवीत तुझ्या पाठीशी. आणि आज..."

"आज कुठे?" थर्मनने विचारलं.

तिने लेमच्या माइककडे बोट केलं. आणखी एकच गोष्ट सांगितली.

"तो फक्त घेतो. सोडलेला मी एकदाही ऐकला नाही."

लेम धपकन खुर्चीत बसला. त्याला धाप लागली होती. त्याने जन्मात सिगारेट ओढली नव्हती, तरी डॉक्टर गेली काही वर्षं छातीचे फोटो उजेडात धरून डोकं खाजवत होते. दर रेकॉर्डनंतर त्याचा दम थोडा कमी व्हायचा. आता जिना चढताना तो तीनदा थांबत असे. वय झालं, असं सगळे म्हणत. लेमही तेच म्हणत आला होता. पण त्याला खरं माहीत होतं हो. चाळीस वर्षं त्याच्या मनात ते डाचत होतं.

"थर्मन, हा बाजा माझा नाही," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"इझेलचा आहे."

इझेल बोहॅनन! थर्मन उभ्याचा बसला. इझेलबद्दल त्याने फक्त ऐकलं होतं, त्याला पाहिलं नव्हतं. अठ्ठावन्न सालच्या फेब्रुवारीत न्यूमोनियाने गेला बिचारा. त्याच्यासारखा बाजा तोपर्यंत शहरात कुणी वाजवला नव्हता. कानशीने आतल्या सुरांच्या पितळी पत्त्या घासून त्याने स्वतःचा बाजा असा काही लावून घेतला होता की चौथं भोक नुसतं ओढलं तरी ऐकणाऱ्याने चालता चालता थांबावं. त्याने पहिली रेकॉर्ड करायची ठरलं होतं, आणि त्याआधीच तो गेला. कंपनीच्या लोकांनी ती तारीख लेमला दिली. अंत्यसंस्कार शनिवारी, रेकॉर्डिंग सोमवारी.

"शवपेटी उघडी होती," लेम सांगत होता. "ओडेसाने, त्याच्या बायकोने, स्वतःच्या हाताने बाजा त्याच्या खिशात ठेवला. मग एकेक जण पुढे जाऊन निरोप घ्यायला लागला. मी वाकलो, त्याच्या कपाळाला ओठ टेकले आणि... माझ्या खिशातला बाजा त्याच्या खिशात सरकवला. त्याचा घेतला."

"हे देवा! लेम!"

"मी सत्तावीस वर्षांचा होतो रे! मला वाटलं, मातीत जाऊन त्या सुराचं काय होणार? एक रेकॉर्ड करीन, मग गुपचूप त्याच्या थडग्यात पुरून येईन. एक झाली. लोक वेडे झाले. मग दुसरी झाली."

"आणि तुझा बाजा त्याच्याकडे."

"माझाच. खिळ्याने मी त्यावर माझ्या नावाची दोन अक्षरं कोरली होती. लाज वाटते थर्मन, फार लाज वाटते. तो तिथे माझा बाजा तोंडाला लावून बसलाय आणि ओढतोय... मी इथे त्याचा ओढतोय. पण त्याच्याकडे छाती कुठली? तो सगळा दम माझ्याच छातीतून नेतोय."

थर्मनने गाडीची किल्ली उचलली.

दुपारी दोनला ते शहराबाहेरच्या दफनभूमीत पोचले. लख्ख ऊन होतं आणि गुडघाभर बर्फ. सगळी थडगी झाकलेली. इझेलचं कुठलं ते शोधावं लागलं नाही. त्या पांढऱ्या मैदानात एकाच ठिकाणी बर्फ वितळला होता, तळहाताएवढा. काळी ओली माती दिसत होती. शेजारच्या दगडावर इझेलचं नाव.

"गरम पाण्याची नळी गेली असेल खालून," थर्मन म्हणाला. त्याचा स्वतःचाच त्यावर विश्वास नव्हता. तो गाडीजवळच थांबला.

लेम गुडघ्यांवर बसला. त्याने त्या काळ्या मातीत हात घातला. माती कोमट होती. हात मनगटापर्यंत सहज गेला, कुणी आतून जागा करून दिल्यासारखा. त्याने बाजा आत ठेवला.

"इझेल... घे बाबा तुझा. चुकलो मी. तुझी रेकॉर्ड मी खाल्ली, नाव मी खाल्लं. माफ कर म्हणायलाही तोंड नाही मला."

त्याला रडू आलं आणि रडता रडता धाप लागली. डोळ्यांपुढे अंधारी आली. आणि तेव्हा, बघा, जन्माची सवय कुठे जाते? तो बँडवाला, रेकॉर्डवाला माणूस. हात अजून मातीत होता आणि तो म्हणाला,

"फक्त एक गाणं राहिलंय रे. तेवढा दम दे... गाण्यापुरता."

मातीत त्याच्या बोटांना काहीतरी हलकंसं लागलं. त्याने झटकन हात काढला.

परत येताना गाडीत त्याला धाप लागली नाही. स्टुडिओचा जिना तो एका दमात चढला. थर्मन मागून बघतच राहिला. चार वाजता लेमने साधा, नवा, दुकानातून आणलेला बाजा उचलला आणि डोळे मिटले. गाणं जे सुरू झालं ते काय सांगावं! शेवटच्या ओळीत त्याने चौथ्या भोकाचा सूर ओढला आणि ओढतच राहिला. गिटारवाला वाजवायचा थांबला. थर्मनच्या काठ्या हवेतच राहिल्या. मार्वेलाने नंतर घड्याळ पाहिलं, सव्वा मिनिट. इतका वेळ कुणी श्वास आत ओढू शकत नाही. मग सूर थांबला. गाणं संपलं.

मार्वेलाने टेप मागे नेऊन ऐकली. दोनदा ऐकली. मग हसत सुटली.

"गेला! काका, तो श्वास गेला! टेप अगदी स्वच्छ आहे. तुझासुद्धा श्वास कुठे ऐकू येत नाही."

सगळ्यांनी आरडाओरडा केला, लेमला मिठ्या मारल्या. लेमने टोपी घातली, अंगावर ओव्हरकोट नुसता टाकला आणि सगळ्यांबरोबर खाली आला. कोपऱ्यावरच्या दुकानातून तळलेला मासा घ्यायचा आणि सगळ्यांनी थर्मनच्या घरी जायचं ठरलं. रस्त्यावर मावळतीचं ऊन अजून होतं, पण थंडी जीवघेणी. सगळे गाडीची वाट बघत पाय आपटत उभे होते, बोलत होते, हसत होते, आणि प्रत्येकाच्या तोंडातून पांढऱ्या वाफेचे लोट निघत होते.

"बोल की म्हाताऱ्या!" थर्मन म्हणाला. त्याच्या तोंडासमोर केवढा ढग झाला. "झाली ना तुझी बारावी? आता तरी सुखी आहेस ना?"

"आहे रे," लेम म्हणाला. "आहे ना."

त्याच्या तोंडासमोर काहीच आलं नाही. हवा स्वच्छ होती.

लेमने हातमोजा काढला. तळवा तोंडासमोर धरला आणि जोरात फुंकर मारली. तळव्याला काही लागलं नाही. त्याने पुन्हा फुंकलं. थर्मनचं हसणं थांबलं. तो लेमच्या चेहऱ्याकडे बघत नव्हता, छातीकडे बघत होता.

"लेम... तुझा खिसा..."

लेमने मान खाली घातली. सदऱ्याच्या डाव्या खिशातून वाफेची एक बारीक रेघ वर येत होती. थांबत होती. पुन्हा येत होती. दोन बोटं आत घालून त्याने चाचपलं. लाकूड ओलं होतं, फुगलेलं, कोमट, आणि पितळावर त्यानेच कधीकाळी खिळ्याने कोरलेली दोन अक्षरं बोटाला लागली.

गाडी आली. थर्मनने दार उघडून धरलं. लेमने ओव्हरकोटाचं एकेक बटण लावलं, गळ्यापर्यंत, आणि वाऱ्यात ज्योत सांभाळावी तसा दोन्ही हातांचा आडोसा खिशावर धरून तो हळूच, अगदी न हिंदकळता, आत बसला.