सेहेचाळीस वर्षांची जोड

प्रयोगशाळेतल्या काचेपलीकडे सोळा वर्षांची प्रणोती खाडे चाळिसाव्या सेकंदाला चीत झाली, आणि काचेच्या अलीकडे उभ्या असलेल्या बासष्ट वर्षांच्या प्रणोती खाडेंच्या तोंडून एक अस्सल कोल्हापुरी शिवी बाहेर पडली.

"हजारात नऊशे अठ्ठ्याऐंशी वेळा हेच होतं, मॅडम," डॉ. अद्वैत कारखानीस नम्रपणे म्हणाले. नम्रपणा त्यांना परवडत होता. यंत्र त्यांचंच होतं.

यंत्राचं नाव कालआखाडा. शालेय कुस्तीतल्या जुन्या राज्यविजेत्यांच्या चित्रफिती, हाडांची क्ष-किरण चित्रं आणि वजन-उंचीच्या नोंदी त्याला दिल्या, की त्या मल्लाचं ऐन उमेदीतलं शरीर ते जसंच्या तसं उभं करी. याला शरीरबिंब म्हणत. मग २०२३ ची विजेती आणि २०६९ ची विजेती समोरासमोर आणायला अडचण ती कसली? 'आमच्या वेळचे पैलवान भारी की तुमच्या वेळचे' हे भांडण चहाच्या टपऱ्यांवर पिढ्यान्‌पिढ्या चाललं होतं. कालआखाड्याने ते चाळीस सेकंदांत मिटवलं आणि टपऱ्यांची मजाच घालवली.

मजा गेली तरी चाललं असतं, पण पाठोपाठ, कारखानीस जिचे सचिव होते त्या शालेय मल्ल समितीचं पत्र आलं. मातीत घडलेले जुने विजेते यंत्रावर घडलेल्या नव्यांपुढे मिनिटभरही टिकत नसतील, तर जिल्ह्यात उरलेला शाळेचा एकमेव मातीचा हौद ठेवायचा कशाला? तो बुजवून तिथे यंत्रतालीम उभारावी. हौद पिंपळकट्टा तालमीचा होता आणि प्रणोती तिथे पस्तीस वर्षं वस्ताद होत्या.

जखमेवर मीठ म्हणजे, त्यांच्या बिंबाला लोळवणारी २०६९ ची विजेती होती इरा हुपरीकर. आठव्या वर्षी ही पोर त्यांच्याच हौदात उतरली होती. दोन वर्षांपूर्वी एका शब्दाने न सांगता ती यंत्रतालमीत निघून गेली. तेव्हापासून पिंपळकट्ट्यावर तिचं नाव काढायची कुणाची छाती नव्हती.

"ती मी न्हवं," प्रणोती काचेवर बोट आपटत म्हणाल्या. "हाडं माझी, मांड्या माझ्या. पण असली मुकाट कुस्ती मी जन्मात केली न्हाई."

"शरीर तेच आहे, आणि कुस्ती शरीरच करतं," कारखानीस म्हणाले.

"ते अर्धंच खरं आहे, सर," शेजारच्या टेबलावरून डॉ. निलोफर मुजावर म्हणाल्या. मनाचं बिंब घडवणं हे त्यांचं काम. "शरीरबिंबाला डाव येतात, पण तो का टाकायचा हे कळत नाही. राग नाही, भीती नाही, खोडी नाही. त्यात मनोबिंब घातलं, तर मात्र ते तेच करील जे तो माणूस त्या वयात, त्या जागी करील. कमी नाही, जास्त नाही."

"सोळाव्या वर्षीचं मन आणणार कुठून?" कारखानिसांनी विचारलं.

"वस्तादांशी चाळीस तास बोलून. शिवाय त्यांच्या पिढीने मोबाइलवर चित्रण करायचं काय बाकी ठेवलंय? त्यांचे एकट्यांचे चार हजार तुकडे आहेत. नंतरच्या सेहेचाळीस वर्षांत जे आलं ते वजा करायचं. मग ताळा. २०२३ ची अंतिम कुस्ती यंत्रापासून लपवून ठेवायची. बिंबाने ती आपणहून तशीच केली, तर बिंब खरं."

कारखानिसांच्या डोळ्यांपुढे थेट प्रक्षेपण तरळलं. "चालेल. पण मन दोघींनाही द्यायचं. इराचे चाळीस तास आमच्याकडे आहेतच."

"आणि कागद करा," प्रणोती म्हणाल्या. "माझ्या बिंबाची पाठ मातीला लागली तर हौद तुमचा. न्हाई लागली तर हौदाला हात लावायचा न्हाई. गुणबिण मोजायचे न्हाईत. मातीत पाठ लागल्याबिगर हार नसती."

नऊशे अठ्ठ्याऐंशीचा आकडा समोर असताना माणूस सही करायला किती वेळ लावील? कारखानिसांनी समितीच्या वतीने उभ्या उभ्याच सही ठोकली.

चाळीस तास निलोफरनी काहीही विचारायचं सोडलं नाही. पहिला मार कुणाचा खाल्ला, कुणाचा डबा पळवला, हरल्यावर कुठे जाऊन रडलात. रडण्याच्या बाबतीत प्रणोती धादांत खोटं बोलल्या, पण मोबाइलच्या तुकड्यांनी ते पकडलं. ताळ्याच्या दिवशी बिंबाने तिसऱ्या मिनिटाच्या बाराव्या सेकंदाला ढाक मारून प्रतिस्पर्धी चीत केली. २०२३ मध्ये हेच, याच सेकंदाला झालं होतं. कारखानिसांनी ताळ्यावरही सही केली.

कुस्तीच्या दिवशी सभागृह खचाखच भरलं. इरा पहिल्या रांगेत यंत्रतालमीच्या निळ्या गणवेशात बसली होती. प्रणोतींनी दुसऱ्या टोकाची खुर्ची धरली आणि भिंतीकडे बघत राहिल्या. मनातून त्यांना एकच हवं होतं, त्या पोरीची पाठ आपल्या हातून मातीला लागावी. हौद वाचणं त्याच्यानंतर.

काचेपलीकडे लाल मातीचं मैदान उमटलं, हलगी कडाडली. प्रेक्षकांना जुना थाट हवा म्हणून कारखानिसांनी निवेदकही ठेवला होता. मैदानात मल्लाची ओळख पहिल्या तालमीवरून नाहीतर वस्तादावरून द्यायची रीत आहे, आणि निवेदकाने ती पाळली.

"उजवीकडं राज्यविजेती प्रणोती खाडे, पिंपळकट्टा तालीम! डावीकडं राज्यविजेती इरा हुपरीकर, वस्ताद प्रणोती खाडे यांची पठ्ठी!"

सोळा वर्षांच्या प्रणोतीने सलामीसाठी उचललेली माती मुठीतच राहिली.

"कुणाची पठ्ठी? माझी?" ती पोट धरून हसायला लागली. "आयला, मी वस्ताद!" मग समोरच्या बिंबाला म्हणाली, "खरं सांगतीस?"

"व्हय, वस्ताद," इराचं बिंब खाली मान घालून म्हणालं.

पोरीने तिच्याभोवती एक फेरी मारली, खांदा चाचपला, मांडीवर थाप मारली. "झ्याक तयार केलंय की मी तुला." आणि पंचाकडे वळताना तिचा आवाज चढला. "ही जोड कुणी लावली? आम्हाला इचारलं कुणी? वस्ताद आन् पठ्ठ्याची कुस्ती जाहीर मैदानात लावत्यात व्हय? जोड मान्य न्हाई. लढत न्हाई मी!"

आणि ती मैदानाच्या मधोमध मांडी घालून बसली.

कारखानिसांनी निवेदक गाळून पुन्हा यंत्र चालवलं. या खेपेस इराच्या बिंबाने समोरचा चेहरा ओळखला आणि ते सरळ पाया पडायला वाकलं; का ते कळताच पोरीने पुन्हा मांडी घातली. तिसऱ्यांदा तेच. शंभर वेळा चालवलं, शंभर वेळा कुस्ती लागलीच नाही.

"नकार म्हणजे पराभव," कारखानीस घाम पुसत म्हणाले. "जगभर हाच नियम आहे."

"कागद वाचा," प्रणोती उठल्या. "पाठ कुणाची लागली?"

"मग मन काढून टाका! शरीरबिंबंच लढवू."

"काढता येईल, सर," निलोफर शांतपणे म्हणाल्या, "पण मग तिला प्रणोती खाडे म्हणता येणार नाही. खरी प्रणोती कोणती, याच्या ताळ्यावर सही तुमचीच आहे."

कारखानीस हार मानणारे नव्हते. "बिंब चुकलंय. या दोघींपैकी एकीने जरी म्हटलं की मी लढले असते, तर ताळा रद्द." ते इराकडे वळले. "बोल. तू यंत्रतालमीची आहेस. इथली तुझी जागा विसरू नकोस."

इरा उभी राहिली. "बिंब बरोबर आहे, सर. जागा काढून घ्यायची तर घ्या. मी तालीम सोडली, वस्ताद सोडले नव्हते."

"आणि तुम्ही?" कारखानीस गर्रकन वळले. "खरं सांगा. लढला असता की नाही?"

प्रणोतींना 'नाही' म्हणणं सोपं होतं. एका शब्दात हौद वाचत होता. पण काचेपलीकडे ती पोर अजून मांडी घालून बसली होती, आणि तिच्यासमोर खोटं बोलायची त्यांना लाज वाटली. दोन वर्षं आपण काय जपत बसलो होतो, याचीही वाटली.

"लढलो असतो," त्या म्हणाल्या. "आज, ह्या वयात. हाडं मोडली असती हिची."

कारखानिसांचा चेहरा उजळला. "ऐकलंत? ताळा रद्द!"

"कसा रद्द? तुमचं बिंब बासष्टाचं न्हाई, सोळाचं हाय. सेहेचाळीस वर्षं वजा तुम्हीच केली. माझा राग बी त्यातच गेला." प्रणोतींनी काचेकडे हात केला. "त्या पोरीला अजून रीत म्हाईत हाय. मी इसरलो, हा माझा गुन्हा. तिचा न्हाई आन् हौदाचाबी न्हाई."

निलोफरनी मान डोलावली आणि निकालाच्या रकान्यात लिहिलं, कुस्ती लागली नाही, पाठ लागली नाही.

प्रणोती इरापाशी गेल्या. पोरगी पायाशी वाकत होती, तर त्यांनी तिचा कान धरून तिला वर ओढलं.

"दोन वर्षं माती कुणी उकरली न्हाई नीट. दगड झालीया. खोरं कोण मारणार, तुझा बाप?"

"मी मारतो, वस्ताद," इरा रडत म्हणाली.