चार-दहा की तीन-त्र्याहत्तर

आधी आवाज आला, मग गाडी.

मोहर्लीच्या रस्त्यावर मी वेग मोजत उभी होते. जंगलातून जाणारी वाहनं किती जोरात धावतात, कुठे गतिरोधक हवेत, याचा तो अभ्यास होता आणि फिजिक्समध्ये एमएस्सी केल्यावर मिळालेलं माझं पहिलं काम. डिसेंबरची सकाळ... सागाची पानं दवानं जड झालेली. सोबतीला वनखात्याचे दसरूभाऊ शेकोटीला पाठ देऊन बसले होते.

काळी, जुनी, परदेशी बनावटीची गाडी होती ती. यंत्रावर आकडा आला साठ, अगदी नियमात. पण इंजिनाचा सूर त्या वेगाला शोभत नव्हता. मी फोनवर आवाज पकडला. एका सेकंदाला पंच्याण्णव ठोके.

गाडी पुढे जाऊन थांबली आणि मागे आली. काच खाली झाली. आत एक तरुण होता – बाही कोपरापर्यंत गुंडाळलेली, कपाळावर काळा डाग, डोळे मात्र अगदी निवांत.

"मॅडम, मी साठच्या वर नव्हतो."

"मले मालूम आहे. सिलिंडर किती आहेत हिले?"

दंडावरून वाद घालायच्या तयारीनं आलेला माणूस असा प्रश्न ऐकून थोडा गोंधळला. सहा, म्हणाला. गाडी ऑटोमॅटिक, तीनच गिअर, आता तिसऱ्यात चालली होती. मी दसरूभाऊंना टेप धरायला लावून त्याच्या टायरचा घेर मोजला आणि तळहातावर पेनानं गणित मांडलं. इंजिन मिनिटाला एकोणीसशे फेरे घेत होतं. चाक इतके, इंजिन तितके... म्हणजे मागच्या एक्सलचं गुणोत्तर तीन पॉइंट त्र्याण्णव. इंजिनाकडून येणारा दांडा तेवढ्या वेळा फिरला की चाक एकदा फिरतं.

तो हसला. मोठ्यानं नाही, पण मला राग यावा इतपत.

"तीन पॉइंट चौपन्न आहे, मॅडम. मी सोता खोलून दात मोजलो."

"मग तुमचं मोजणं चुकलं."

"या मंग चांद्याले. गॅरेजमधी सगळ्याईसमोर मोजू."

रविवारी मी चंद्रपूरला गेले. गॅरेज गुलाम रसूल चाचांचं होतं आणि हा पियुष त्यांच्या हाताखाली आठ वर्षांपासून होता. त्यानं मागचं एक चाक जॅकवर उचललं, दांड्यावर खडूची रेघ मारली आणि मला गाडीखाली पोत्यावर झोपायला सांगितलं. एकच चाक उचललं असेल तर ते दोन वेळा फिरवायचं आणि दांड्याचे फेरे मोजायचे, अशी तिथली रीत. मी मोजत होते – एक... दोन... तीन... आणि अर्ध्याहून जरासं जास्त.

पुन्हा मोजलं. पुन्हा तेच.

मी बराच वेळ गाडीखालीच राहिले. वर येऊन त्याला तोंड कसं दाखवायचं हे कळत नव्हतं. शेवटी चाचांनीच खाली वाकून विचारलं, "बेटी, नाश्ता भी वहीं भेजूँ क्या?"

चूक त्यांनीच समजावली. या गाडीत क्लच नाही, तेल आहे. इंजिनाकडे एक पंखा, गिअरबॉक्सकडे दुसरा. पहिला तेल फेकतो, तेल दुसऱ्याला फिरवतं. त्यात काही फेरे निसटून जातात, हिच्यात शंभरातले दहा. मी मूल गावची, बाबांची राइस मिल, घरी ट्रॅक्टर. इंजिन आणि चाक यांच्यामध्ये काही निसटूही शकतं, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. पियुष मात्र आता हसत नव्हता. रस्त्यावर उभं राहून आवाजावरून एवढ्या जवळ कोणी आलेलं नाही, असं त्यानं चाचांना सांगितलं. मला नाही, चाचांना... पण मला ऐकू येईल इतक्या आवाजात.

मग त्यानं त्याची अडचण मांडली. फेब्रुवारीत एका जुन्या धावपट्टीवर चारशे मीटरची शर्यत होती. गेल्या वर्षी एका दशांश सेकंदानं त्याचा पहिला नंबर हुकला होता आणि तेव्हापासून गावात जो भेटेल तो त्याला तो दशांश विचारायचा. मागचा दातांचा जोड बदलायचा होता. परवडणार एकच, म्हणून निवड एकदाच.

मी तक्ता सुरू केला. सुटताना ते तेलच जोर वाढवून देतं, त्यामुळे ऑटोमॅटिकला फार मोठं गुणोत्तर लागत नाही. चार-छप्पन्न, म्हणजे चार पॉइंट छप्पन्न, पहिल्याच रविवारी बाद झालं. उरले दोन, चार-दहा आणि तीन-त्र्याहत्तर. दुसऱ्या रविवारी उत्तरही दिसलं होतं. चार-दहानं गाडी शेवटच्या रेघेवर पोचते तेव्हा इंजिन नेमकं आपल्या पूर्ण जोरात असतं. दुसऱ्यापेक्षा दोन दशांश लवकर.

पण मी ते सांगितलं नाही. गुणोत्तर ठरलं की माझं तिथलं काम संपणार होतं. म्हणून तक्त्यात रकाने वाढत गेले – हवेचं तापमान, टायरमधली हवा, चालकाचं वजन. वजनासाठी मी त्याला शेजारच्या वखारीतल्या काट्यावर उभं केलं. बासष्ट किलो. त्यानं विचारलं, सोबत कोणी बसलं तर किती धरायचं? मी म्हटलं, शर्यतीत सोबत कोणी बसत नाही. तो म्हणाला, शर्यतीचं कोण बोलून राह्यलं...

त्यालाही दर आठवड्याला काहीतरी नव्यानं तपासायचं असे. आम्ही मूलच्या रस्त्यावर गाडी पळवायचो. धानाच्या तणसाचे ढीग मागे जायचे, तो एका हातानं चालवायचा, मी घड्याळ धरून बसायचे. गाडीत गिअर-ऑइलचा गंधकासारखा उग्र वास असायचा. ओढणीला तो लागला की मी ती लगेच धुवायला टाकत नसे.

"दात गिनते गिनते तुम्हारे दात गिर जाएँगे," चाचा म्हणाले. आम्ही दोघांनीही ऐकलं नाही असं दाखवलं.

जानेवारीत पत्र आलं. गडचिरोलीच्या कॉलेजात एक फेब्रुवारीपासून रुजू व्हायचं. आता आणखी रकाने वाढवणं म्हणजे त्याची शर्यत बुडवणं. मी तक्ता पूर्ण केला, खाली 'चार-दहा' लिहून दोनदा अधोरेखित केलं आणि नोकरीची बातमी सांगून कागद त्याच्या हातात दिला. तो कागदाची घडी खिशात घालू लागला. एवढंच म्हणाला की जोड आला की कळवतो.

दोन आठवडे काही कळवलं नाही. मी फोन हातात घ्यायचे... आणि ठेवून द्यायचे.

एकतीस तारखेला मी निरोप घ्यायला गॅरेजवर गेले. टेबलावर जोड होता, नवा, तेलानं चमकणारा. पियुष गाडीखालून बाहेर आला, हात पुसत. मी दात मोजू लागले. मोठ्या चक्रावर एक्केचाळीस. लहानावर दहा असायला हवे होते.

अकरा होते.

"हे तीन-त्र्याहत्तर आहे," मी म्हटलं. "दुकानदारानं चुकीचं पाठवलं."

"नाई. मीच मागवलो."

मला भयंकर राग आला. सात रविवार मी काय उगाच घातले का, त्याला माझ्या गणितावर भरवसा नव्हता तर आधीच सांगायचं होतं. चाचा नुकताच चहा पिऊन बसले होते. तरी उठून चहा प्यायला निघून गेले.

"गणित बरोबर आहे तुझं," पियुष म्हणाला. "पण शर्यत पंधरा सेकंदाची. इथून गडचिरोली ऐंशी किलोमीटर. चार-दहा टाकलो असतो तं सारा रस्ता इंजिन बोंबलत राह्यलं असतं. तू बाजूले बसून बोलली असती, अन् मले एक शब्द ऐकू आला नसता."

"गडचिरोलीले कोण बोलावलं तुले?"

"कोणी नाई. म्हणून तं इचारून राह्यलो." त्यानं हातातलं फडकं टेबलावर ठेवलं. "दर रविवारी... येऊ का?"

"दोन दशांश जाते यात. गेल्या वर्षी तू एकानं हरला होता."

"मालूम आहे."

त्यानं ते इतक्या साधेपणानं म्हटलं की माझा राग कुठे गेला ते मलाच कळलं नाही. टेबलावर माझा हात होता. त्याच्या बोटांनी त्याला जेमतेम स्पर्श केला – तेलकट, ऊबदार – आणि ती तिथेच राहिली.

"नऊच्या आत निघजो," मी म्हटलं. "अन् रस्त्यात मूल लागते. पहिल्या रविवारी घरी थांबून ये. आई-बाबाले भेटून."

आता त्याचा चेहरा पाहण्यासारखा झाला. "काय सांगू त्याईले? कोण म्हणून आलो?"

"खरं तेच सांगजो," मी म्हटलं. "दोन दशांश सोडून आलो म्हणून. माह्या बाबाले मशीनचं समजते."