खुर्ची मध्येच फाटली तर…

मावशीच्या वेताच्या खुर्चीत ती ऐटीत बसायला गेली आणि थेट आरपार गेली. गुडघे नाकाशी, पाय हवेत, आणि हातातला चहा मावशीच्या नव्या कोऱ्या पडद्यावर!

"हसू नकोस गं, आधी मला बाहेर काढ!"

मावशीने डोळे पुसत तिला ओढून काढलं आणि हुकूम सोडला, "आता तूच ही विणून आण. माझी लाडकी खुर्ची आहे."

इंटरनेटवर शोधलं की लोकांची दुकानं वरती दिसावीत, हेच तर तिचं पोटापाण्याचं काम. पण तासभर मोबाइल धुंडाळूनही खुर्ची विणणारा काही सापडेना. शेवटी कोपऱ्यावरच्या औषधवाल्याने नुसतं बोट दाखवलं, "मागची गल्ली, हिरवं दार."

भुरभुर पाऊस होता. तिने खुर्ची उलटी करून डोक्यावर धरली खरी, पण भोक नेमकं मधोमध… हिरव्या दाराशी पोचेपर्यंत केसांतून पाणी ठिबकायला लागलं होतं.

"छत्री छान आहे," दारातून कुणीतरी म्हणालं.

"भोक आहे तिला," ती फणकारली.

"मग बरोबर जागी आलात. आम्ही तेच बुजवतो." आणि त्याने पुढे होऊन अलगद खुर्ची उतरवून घेतली.

आत घमेल्यात वेताच्या पट्ट्या भिजत पडल्या होत्या. त्याची लांब बोटं एकेक पट्टी चाचपून बघत होती. ती बघत राहिली… मग भानावर येऊन म्हणाली, "तुमची वेबसाइट का नाही?"

"आहे की!" त्याने अभिमानाने दाखवली.

पहिल्याच पानावर भलामोठा सूर्यास्त. खाली ओळ, 'आसनांचे कलात्मक नूतनीकरण'.

"सूर्यास्त कशाला?"

"छान आहे म्हणून."

"आणि हे नूतनीकरण?"

"वहिनीने लिहून दिलंय. भाषा शिकवते ती."

"पण असं कोण शोधणार?"

"कुणीच नाही शोधत," तो हसला, पण ते हसू फार टिकलं नाही. हे काम त्याला आईने शिकवलं होतं. आई गेली, गिऱ्हाईकं पांगली. आता दादाचं म्हणणं होतं, की पावसाळा संपेपर्यंत काम आलं नाही तर दुकानाला कुलूप लाव आणि परगावी माझ्या गोदामावर ये.

दुसऱ्या दिवशी ती लॅपटॉप घेऊन हजर.

"सांगा, खुर्ची तुटली की माणूस काय म्हणतो?"

"तुम्ही काय म्हणालात?"

"मी… 'आई गं' म्हणाले."

"मग तेच लिहू या!"

दोघं पोट धरून हसले. मग मात्र कामाला लागले. तो विणता विणता बोलायचा, ती टाइप करायची. सूर्यास्त गेला, तिथे फाटक्या खुर्चीचा फोटो आला आणि शेजारी तीच खुर्ची विणल्यावरचा. नवं पान तयार झालं, 'खुर्ची मध्येच फाटली तर काय करावं?' नकाशावर पत्ता चुकीच्या गल्लीत दिसत होता, तोही तिने सुधारला. काम दोन-चार दिवसांचं होतं. पण तिला रोज काहीतरी राहून गेल्याचं आठवायचं, आणि तोही रोज दोन कप चहा तयार ठेवायचा.

आणि मग घोटाळा झाला. आधी निदान नाव टाकून शोधल्यावर तरी दिसणारं त्याचं दुकान आता कुठेच दिसेना. 'नव्या बदलांनंतर असं होतं, थोडा धीर धरा,' हे वाक्य तिने आजवर कितीतरी जणांना बिनदिक्कत ऐकवलं होतं. त्याला सांगायला मात्र जीभ रेटेना. आपण त्याचं होतं नव्हतं तेही घालवलं… ती जायचीच थांबली. त्याचे फोनही उचलले नाहीत.

पावसाळा सरता सरता एका दुपारी मावशीकडचं दार वाजलं. तो उभा होता, विणलेली खुर्ची घेऊन.

"या, खुर्चीवाले!" मावशीने त्याला बसवलं, चहा दिला आणि काही काम नसताना आतल्या खोलीत निघून गेली.

"उद्या निघतोय दादाकडे," तो कपात बघत म्हणाला. "म्हटलं, ही पोचवून जावी."

"माझ्यामुळेच झालं ना सगळं?" तिने खालमानेने विचारलं. "मी सांगायला हवं होतं तुम्हाला… धीर धरा म्हणून."

"दुकानाचं सोडा. तुम्ही का आला नाहीत?"

तेवढ्यात त्याचा मोबाइल वाजला. अनोळखी नंबर.

"हो, बोलतोय… मध्येच फाटली? बसणाऱ्याला लागलं नाही ना?… इंटरनेटवर दिसलं? आमचं?" तो तिच्याकडे बघतच राहिला. "हो, हो, विणून मिळेल. शनिवारी घेऊन या."

त्याने फोन ठेवला.

"शनिवारी? तुम्ही तर उद्या निघणार होतात."

"होतो…"

"एका फोनवर बेत बदलला?"

"फोनचं काय हो. तुम्ही नुसतं 'थांबा' म्हणाला असतात, तरी थांबलो असतो. केव्हाचा गार चहा पीत बसलोय, पण तुम्ही म्हणेचनात…"

ती लाजली, हसली, डोळ्यांत पाणीही आलं. सगळं एकदमच.

"मग थांबा ना."

"दुकानासाठी?"

"नाही… माझ्यासाठी."

त्याने कप खाली ठेवला. वेताने खरखरीत झालेला हात पुढे केला, आणि तिने तो दोन्ही हातांत धरला.

"एक सांगू?" तो हळूच म्हणाला. "आता हे 'अहो-जाहो' पुरे."

"आधी कोण बंद करणार?"

"तुम्ही."

"बघ," ती म्हणाली, "केलं."