लटारूच्या घरचा सात-दहाचा फोन

लाईन गेली तं गेली, येईन अर्ध्या घंट्यात. तुमचे गहू कुठी पळून नाई जात. त्या पोत्यावर टेक ना बे निकेश, उभ्यानं काय पाहारा देऊन राह्यला माह्या चक्कीचा?

हां, वाजला तुहा फोन. घे, बोल... कोण होती? कंपनीवाली? लोन पायजे का म्हणे. अन् तू काय बोलला तिले? इथी चार जण बसले म्हणून तोंडाले जास्तच धार आली तुह्या. हासू नका रे. माह्या चक्कीत असं बोलाचं नाई. नाई पायजे तं 'नाई पायजे, बाई' म्हणाचं अन् ठेवाचा. मीबी हासलो होतो एकदा, तुमच्यासारखाच दात काढून. सत्तरीले आलो, पण त्या हासण्याची लाज नाई गेली माही.

तुम्ही त्या लटारूले येडा म्हणता ना? फोनवरच्या पोरीले 'जेवली का बाई' इचारते म्हणून? मंग आज ऐकाच. ऐकीव नाई सांगत मी. माह्या डोळ्यांपुढं झालं.

तेव्हा गावात टावर नव्हता. आता घरोघरी रेंज आहे, तुम्हाले काय समजते. तेव्हा रेंज पायजे तं बोडीच्या पारीवर, त्या तळ्याच्या बांधावर, चढा लागे. धानाचं काम आटपलं का सारे माणसं तळहातावर फोन घेऊन पारीवर उभे. कोणी पुण्यातल्या पोराले बोले, कोणी व्यापाऱ्याले. खाली घरात आलं का फोन म्हणजे नुसतं घड्याळ.

लटारू तोंडाचा लय खराब अन् मनाचा मऊ. एकच पोरगी त्याले, मोनाली. तिच्या डाव्या पायाची करंगळी जन्मापासून शेजारच्या बोटावर चढलेली. कोणतीच चप्पल नीट बसे ना तिले. लटारू कुरखेड्याच्या बजारात दुकानदाराशी भांडून एक नंबर मोठी चप्पल आणे, अन् घरी बसून तिचा पट्टा तेल लावू लावू मऊ करे. बाप असा होता तो. पोरगी बारावी शिकली, नागपुरात कामाले लागली. हाफिसात कॉम्प्युटरवर बसते, एवढंच तिनं घरी सांगितलं. लटारूनं ते साऱ्या गावाले सांगितलं. मले तं दर दळणाले सांगे. तेच तेच ऐकून मले कधी कधी कंटाळा यायचा, खरं सांगतो.

अन् पारीवर त्याचा एक खेळ होता. कंपनीचा फोन आला का स्पीकर चालू करे अन् जे सुटे ते सुटे. आम्ही गोळा होऊन ऐकत राहू. तेव्हा दुसरा टाइमपास कोणता होता आम्हाले?

दोन हजार तेवीस साल. ऑक्टोबरची बारा तारीख. संध्याकाळचे सात वाजून दहा मिनिटं. हे मले एवढं नेमकं कसं माहीत म्हणशान, तं ते मंग लटारूनंच मले फोनात दाखवलं. त्या येळेले फोन आला. पोरीचा आवाज, शहरी, गोड. 'नमस्कार सर, मी आर्या बोलतेय. आपल्याशी दोन मिनिटं बोलू शकते का?' विम्याचं काहीतरी होतं. लटारू आम्हाले डोळा मारून 'बोला बोला' म्हणे. मंग तिनं इचारलं, 'आपल्याला मुलं किती आहेत, सर?'

झालं. लटारू पेटला.

"एक पोरगी आहे माही," म्हणे. "हाफिसात खुर्चीवर बसते. तुह्यासारखी लोकायच्या कानात भुंकत नाई. तुह्या मायबापाले लाज वाटत नाई का? पुन्हा माह्या घरचं नाव घेऊ नको."

पारीवर हासा पिकला. मी तं पोट धरून खालीच बसलो. मंग ती पोरगी हळूच म्हणे, 'आपला अमूल्य वेळ दिल्याबद्दल धन्यवाद, सर.' आवाज कापला असंन थोडा. पण तेव्हा कोण ध्यान देते?

दिवाळीले मोनाली आली नाई. सुटी नाई म्हणे. गुणाबाईनं, म्हणजे तिच्या मायनं, अनारसे डब्यात भरून ठेवले तिच्यासाठी. नोव्हेंबरात तिकडे तिले ताप आला. डेंगू. घरी कोणाले पत्ता नाई. एकोणतीस तारखेले नागपूरच्या दवाखान्यातून फोन आला तं पोरगी गेल्याचाच आला. दुसऱ्या दिवशी गाडीतून आणली. एकवीस वर्सांची पोर. चप्पल कुठी राह्यली कोणाले माहीत, पाय उघडे होते. गुणाबाई त्या पायालेच धरून बसली. त्याच्यावर जास्त नाई सांगत मी तुम्हाले. मले नाई सांगता येत.

आपल्याकडे तेरवीच्या आदल्या रात्री घरात तांदळाचं पीठ पसरते अन् वर टोपलं पालथं घालते, पाह्यलंच असंन तुम्ही. सकाळी टोपलं उचलाचं. कोणाच्या पिठात चिमणीचं पाऊल उमटते, कोणाच्या पिठात मुंगीची रेघ. काई ना काई उमटतेच. गेलेलं माणूस घरी येऊन गेलं, एवढं घरच्यायले समजते, अन् जीव थोडा खाली पडते. मोनालीचं पीठ मीच दळून दिलं होतं. सकाळी टोपलं उचललं... तं पीठ जसंच्या तसं. साधी रेघ नाई. म्हाताऱ्या बाया एकमेकीकडे पाहू लागल्या. त्यातली एक बोलून गेलीच, पोरगी रस्त्यातच राह्यली म्हणे, घरी नाई आली. लटारूनं ते ऐकलं.

त्याच दिवशी तेरवीच्या जेवणाले नागपूरहून रंजीता आली. मोनालीच्या खोलीवरची पोरगी, दोघी एकाच ठिकाणी कामाले. तिच्यानं राहावलं नाई, तिनं लटारूपाशी सारं सांगून टाकलं. मी बाजूलेच बसलो होतो.

मोनाली फोन लावाचं काम करे. तिथी खरं नाव सांगत नाई, हिचं नाव आर्या ठेवलं होतं, बोलाची शहरी ढबबी शिकवली होती. नंबर कॉम्प्युटर स्वतःच लावे. कोणाले लागला ते लागल्यावरच दिसे. त्या दिवशी पडद्यावर बापाचं नाव आलं. साहेब ऐकत असते, कागदावरचं सोडून बोलता येत नाई, आपण होऊन फोन ठेवता येत नाई. तिनं सारा कागद शेवटपर्यंत वाचला. रात्री खोलीवर हासत होती अन् डोळे पुसत होती म्हणे. बाबानं मले घरी येऊ नको म्हटलं, असं म्हणे. अन् ताप चढला तेव्हा रंजीतानं हात जोडले तिले, घरी सांग म्हणून. तं काय बोलली माहीत आहे?

"नको. बाबाले फोनचा तरास होते."

...

थांबा जरा. पाण्याचा तो तांब्या दे रे.

लटारू रडला नाई. उठला, फोन घेतला अन् पारीवर गेला. त्या दिवसापासून कंपनीचा एकबी फोन त्यानं कापला नाई. सारं ऐकून घे, अन् मंग म्हणे, जेवली का बाई, घरी कोण कोण आहे. पोरी घाबरून ठेवून देत. गावानं त्याले येडा ठरवलं. तुम्ही तेच पुढं चालवता.

आता त्या रात्रीचं. डिसेंबरची पंधरा तारीख, शुक्रवार. दुपारी लटारू पावभर तांदूळ घेऊन चक्कीवर आला. दळण चालू असतानाच उठला अन् निघून गेला. संध्याकाळी चक्की बंद केली तं त्याच्या पिठाचा डबा तसाच पडून. म्हटलं, देऊन येऊ, वाटेवरच तं घर आहे. सात वाजाले आले होते. अंधार पडून घंटाभर झाला होता. थंडी लय होती, वाटेच्या दोन्ही बाजूले धानाचे पुंजणे रचलेले. मी आपला बिडी ओढत, आरामात गेलो.

लटारूनं डबा घेतला अन् मधल्या खोलीत जाऊन पीठ पसरू लागला. हातानं सारखं करू लागला. म्हटलं, लटारू, तेरवी झाली ना, आता हे काय? तो म्हणे, बस श्रावणभाऊ, सात-दहाले फोन येते. चार दिवस झाले, रोज येते. घरात येते.

मी गुणाबाईकडे पाह्यलं. म्हटलं, हा खरंच गेला कामातून. ती चुलीपाशी बसली होती. मान वर केली नाई तिनं. म्हणे, "येते भाऊ. मीबी ऐकलं."

लटारू म्हणे, कागदावरचंच बोलते ती. नमस्कार सर, मी आर्या. शेवटी धन्यवाद, अन् बंद. माह्या तोंडातून शब्द नाई निघत, भाऊ. चारही रात्री नाई निघाला. मंग पिठावरचा हात थांबवून म्हणे, "मीच तिले येऊ नको म्हटलं. मी बोलावल्याबिगर ती येईन कशी?"

फोन पिठाच्या बाजूले ठेवला होता. मी वाकून पाह्यलं. रेंजच्या जागी फुली. राहणारच ना, घरात कुठची रेंज. वर बल्ब चालू होता. सारं लख्ख दिसत होतं. म्हटलं, सात-दहा होऊन जाऊ दे, काई येत नाई, मंग याले समजावतो.

फोन वाजला.

...

पडद्यावर नंबर नव्हता. नाव नव्हतं. नुसता उजेड.

अन् फुली तशीच.

लटारूनं उचलला. स्पीकर नाई लावला. मी हातभर दूर. मले घरघर ऐकू आली, चक्की बंद केल्यावर कानात राह्यते तशी. त्यात पोरीचा आवाज होता का? खोटं नाई बोलणार मी. मले नाई सांगता येत. लटारूचं तेवढं ऐकलं.

"हो... बोला."

...

"आहे. वेळ आहे."

...

मंग त्याचा जबडा हालत होता नुसता. मले समजलं, आता काय इचारलं असंन.

"एक," लटारू म्हणे. "एक पोरगी आहे."

...

"फोन लावाचं काम करते. लय चांगलं काम करते."

...

"मोना..."

...

"मोना, ते मी तुले नाई बोललो व माय. तुले कसा बोलीन मी? ... ये. घरी ये."

काईच नाई. घरघरबी थांबली.

गुणाबाई उठली. राखेचे हात लुगड्याले पुसले. फोन त्याच्या हातातून घेतला, कानाले लावला. मले वाटलं आता हंबरडा फोडते. नाई. पोरगी एसटीनं येणार असली का जशी बोले, तशी बोलली.

"चपला बाहेर नको काढू, मोना. कुत्रं नेते. आत घेऊन ये."

...

फोन बंद झाला.

"आज धन्यवाद नाई म्हटलं तिनं," लटारू म्हणे.

त्यानं पिठावर टोपलं पालथं घातलं. धानाचं मोठं टोपलं, दोन हातानं उचला लागते ते. मी घरी जायले पायजे होतं. नाई गेलो. भ्यालो म्हणा, काई म्हणा. तिघंबी भिंतीले टेकून बसलो. बल्ब चालू. टोपलं समोर. कोणी हात लावला नाई. वारा नाई. आवाज नाई. माही पापणीबी नाई लवली, आईची आण घेऊन सांगतो. अन् मले एकच वाटत होतं रे... त्या दिवशी पारीवर मी हासलो, ते तिनं ऐकलं असंन. माहा आवाज ओळखला असंन तिनं. लहानपणी दळण घेऊन माह्याच चक्कीवर तं येत होती.

फटफटलं. लटारूनं टोपल्याले हात घातला अन् मागं घेतला. म्हणून मी उचललं.

...

पाऊल होतं.

चिमणीचं नाई. माणसाचं. उघडं, डावं. पिठाच्या मधोमध, एकच. दाराकडून आत येणारं.

बाहेर जाणारं नव्हतं.

गुणाबाई खाली बसली. हात लावला नाई तिनं, मोडंन म्हणून. नुसता तळहात वर धरला, टाचेपासून बोटायपर्यंत नेला, अन् शेवटच्या बोटावर थांबवला.

करंगळी शेजारच्या बोटावर चढलेली होती.